पायांचा हिशेब



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून या ऋतूत विद्वानांनी बोलावे आणि लोकांनी ऐकावे असा आपल्याकडे रिवाज आहे. मी विद्वान नव्हे. नववीत शाळा सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीतल्या लाकडी कपाटात, रात्री, आणि बरेचसे फाटक्या पुस्तकांतून. तेव्हा चिटणीसांनी मला विषय विचारला, त्या वेळी कामगार कायद्यांवर बोलतो असे मी म्हणालो. ते म्हणाले, "ते नको, लोक उठून जातात. तुम्ही ते पाच जण बारामतीहून इंदापूरला चालत गेला होता ना, त्यावर बोला." म्हणजे माझ्या तीस वर्षांच्या चळवळीपेक्षा माझ्या तीन दिवसांच्या पायपिटीला भाव जास्त. असो. त्याच विषयावर बोलतो. मात्र कायदा मधूनमधून डोकावेल, त्याला माझा इलाज नाही.

आम्ही पाच जण म्हणजे कोण, ते आधी सांगितले पाहिजे. आबा हे साखर कारखान्यातून निवृत्त झालेले पॅनमन. साखरेचे दाणे पडताना डोळ्यांनी पारखणारा माणूस. उभा जन्म साखर करण्यात गेला आणि पन्नाशीत साखरेनेच त्यांना गाठले. तात्या एस. टी.चे ड्रायव्हर, तीस वर्षे बसून काढलेली, त्यामुळे कंबर गेलेली आणि पोट आलेले. बापू मार्केट यार्डातले हमाल. अण्णा फिटर, त्यांना दम्यासारखे काहीतरी आहे, पण दवाखान्यात गेले तर तंबाखू सोडायला सांगतील म्हणून त्याचे नाव अजून कोणालाच ठाऊक नाही. पाचवा मी. माझे रक्तदाब, वजन आणि स्वभाव ही तिन्ही वाढलेली आहेत.

आता कारण. २०२३ च्या पावसाळ्यात आमच्या भागातल्या एका कारखान्यात एका कंत्राटी पोराचा उजवा हात यंत्रात सापडला. वय सव्वीस. मनगटाखाली काही राहिले नाही. कारखाना म्हणाला, तो आमच्या पटावर नाही. ठेकेदार म्हणाला, तो त्या दिवशी कामावरच नव्हता. दोघांचे म्हणणे खरे धरले तर तो मुलगा सुट्टीच्या दिवशी परक्याच्या आवारात शिरून आपला हात यंत्रात घालून आला, असे होते. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यात कलम १२ आहे: काम ठेकेदारामार्फत करून घेतले तरी मूळ मालक जबाबदारीतून सुटत नाही. हा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पण मूळ मालकावरची जबाबदारी शंभर वर्षांपूर्वी लिहिली गेली आहे, हे ध्यानात घ्या. आम्ही दावा लावला. परंतु दावा तारखांवर चालतो आणि घर रोजच्या पिठावर चालते. घरात बायको, लहान मुलगी आणि म्हातारी आई. युनियनचा मदतनिधी आम्ही दोन महिन्यांत संपवला.

एका संध्याकाळी कचेरीत बसलो असता तात्या म्हणाले, "शहरातली माणसं पळायला लागली की लोक त्यांना पैसे देत्यात म्हणं. आपण चालू या की." सगळे हसले. पण माझ्या डोक्यात ते बसले.

ही कल्पना वाटते तितकी परकी नाही. कॅनडामध्ये १९६७ साली 'माइल्स फॉर मिलियन्स' नावाने हजारो लोक चालले. दर मैलामागे कोणी तरी ठरावीक रक्कम देत असे आणि ती गरीब देशांतल्या लोकांसाठी जाई. पण त्याच्या सोळा वर्षे आधी आपल्याच विनोबांनी चालून मागण्याचा केवढा मोठा प्रयोग सुरू केला होता! १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत त्यांना पहिली शंभर एकर जमीन मिळाली. तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते, म्हणजे माझ्याच वयाचे, आणि पोटात अल्सर होता. त्या अवस्थेत हा माणूस पुढे बारा-तेरा वर्षे देशभर चालत राहिला. भूदानातल्या जमिनीचे पुढे काय झाले, किती कागदावर राहिली, यावर मी दुसरे भाषण देऊ शकतो आणि ते गोड होणार नाही. पण ते पाय खोटे नव्हते.

तर ठरले असे: बारामतीहून इंदापूर, पालखीच्या वाटेने, सुमारे पन्नास किलोमीटर. पहिला मुक्काम सणसर, दुसरा निमगाव केतकी, तिसऱ्या दिवशी इंदापूर. दर माणशी दर किलोमीटरला ज्याला जे परवडेल ते त्याने द्यावे. कोणी आठ आणे लिहिले, कोणी रुपया, कोणी पाच. आमच्या पेठेतल्या एका व्यापाऱ्याने एक्कावन्न रुपये लिहिले. माझा ऊर भरून आला. नंतर कळले की तो दुकानातल्या माणसांना म्हणाला होता, "लिहा, लिहा. काटेवाडीच्या पुढे ही पलटण जात नाही." सगळे मिळून दर माणशी दर किलोमीटरला तीनशे बारा रुपये झाले. हे आकडे मी मुद्दाम सांगतो आहे. पुढे त्यांच्यावरून भांडण झाले.

पहिला बेत आषाढीच्या पालखीबरोबरच जायचा होता. तुकोबांची पालखी त्यांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली सुरू केली. ती देहूहून निघून पुणे, यवत, वरवंड, उंडवडी करत बारामतीत येते, आणि पुढे आमच्याच वाटेने इंदापूर, सराटी, अकलूज करत पंढरीला जाते. लाखो माणसे रस्त्यावर असतात. पावतीपुस्तके तिथे सहज खपतील, असा माझा व्यवहारी हिशेब. आबांच्या घरी त्यांची थोरली बहीण आली होती. तिच्या कित्येक वाऱ्या झालेल्या. तिने माझे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "भाऊ, वारीत या. पण पुस्तक घरी ठेवून या. तिथं मागायला जात नसत्यात." मी वाद घातला, की हे पुण्याचेच काम आहे. ती म्हणाली, "मग पुण्याचं काम बिनगर्दीचं करा की." माझ्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून बेत हिवाळ्यात आणला: जानेवारी २०२४ च्या अखेरीस. ऊन सोसेल आणि पावतीपुस्तक कोणाच्या भक्तीच्या आड येणार नाही.

दिवाळीनंतर सराव सुरू केला. नीरा डाव्या कालव्याच्या कडेने पहाटे साडेपाचला. इंग्रजी अमदानीत हा कालवा निघाला आणि बारामती-इंदापूरच्या कोरड्या माळावर ऊस उभा राहिला. त्या उसावर कारखाने, कारखान्यांवर आम्ही आणि आमची युनियन. तेव्हा आमच्या पोटाचे मूळ या कालव्यात आहे असे म्हणायला हरकत नाही, आणि ते पोट कमी करायला आम्ही त्याच्याच काठी गेलो. पहिल्या दिवशी तीन किलोमीटर ठरवले होते. दीड किलोमीटरवर अण्णा एका पुलाच्या कठड्यावर बसले आणि म्हणाले, "तुम्ही जाऊन या, मी हितंच हाय." परतताना स्टँडजवळ गरम भजी निघत होती. जितके चाललो त्याच्या दुप्पट खाल्ले. पहिला आठवडा असाच गेला. चौथ्या दिवशी तात्यांच्या मालकीणबाईंनी त्यांच्या खिशातले पैसे काढून घेतले, तेव्हा भजी थांबली.

इथे मला जरा थांबून एका शब्दाबद्दल बोलायचे आहे. शहरात चार मित्र एकमेकांना "आपण फार अनफिट झालो बुवा" असे हसत म्हणतात. आमच्याकडे हा शब्द कोणी हसत म्हणत नाही. कामगाराला हा शब्द पहिल्यांदा डॉक्टरच्या कागदावर भेटतो, आणि तो कागद आला की नोकरी धोक्यात. तात्यांनी चष्म्याचा नंबर वाढल्याचे दोन वर्षे घरातही सांगितले नव्हते, कारण डोळे अनफिट तर स्टिअरिंग गेले. बापूंचे उदाहरण त्याहून बोलके. आमच्या पाचांत अंगाने सर्वांत दणकट तेच. छाती पाहिली तर वाटावे, हा माणूस पंढरपूरपर्यंत आम्हाला खांद्यावर नेईल. आणि दुसऱ्या आठवड्यात सर्वांत आधी त्यांचाच गुडघा सुजला. डॉक्टरांनी फोटो पाहून सांगितले की गुडघ्यातली गादी झिजली आहे. झिजणार नाही तर काय? विशीपासून क्विंटलची पोती पाठीवर घेऊन फळीवरून चढलेला माणूस. १९६९ साली माथाडी कायदा आला, हमालाला भविष्यनिर्वाह निधी, रजा, उपचार यांचा हक्क मिळाला. पण पोत्याचे वजन कमी करायला त्यानंतरही किती वर्षे झगडावे लागले! तेव्हा आमची शरीरे आळसाने बिघडलेली नव्हती. तात्यांची कंबर बसण्याने गेली, आबांचे पाय भट्टीच्या उबेत उभे राहण्याने, बापूंचा गुडघा वजनाने. माणूस कोणत्या कामावर होता ते त्याच्या हजेरीपटात पाहण्याची गरज नाही, त्याला दहा पावले चालायला सांगा.

हे ज्ञान मला तेव्हा झाले नव्हते, ते नंतरचे. त्या वेळी मी संपाच्या तयारीसारखी तयारी चालवली होती. वही केली. रोज कोण आला, किती चालला, कोण चुकला. चुकणाऱ्याला सर्वांसमक्ष विचारायचे. "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग" म्हणतात, त्यातला प्रकार; फक्त गुडघे दुसऱ्यांचे होते.

दवाखान्यात मात्र आम्ही गेलो, हे एक शहाणपण केले. डॉक्टर तरुण होते. त्यांनी पाचांचेही रक्त तपासले, रक्तदाब घेतला आणि मग आबांना डोळे मिटायला सांगून एक बारीक नायलॉनचा दोरा त्यांच्या तळव्याला जागोजागी टेकवला. "लागलं की सांगा." आबा गप्प. डॉक्टर पुन्हा टेकवत राहिले. आबा विचारतात, "सुरू कधी करताय?" आम्ही हसलो. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी समजावून सांगितले: साखरेचा आजार जुना झाला की पायाच्या नसा बधिर होतात. खडा रुतला, फोड आला, भाजले, तरी दुखत नाही. आणि दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो. अशा माणसाने अनवाणी कधीच चालू नये, मऊ तळाची एम. सी. आर. चप्पल वापरावी, बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून पाहावे, आणि रोज रात्री तळवे आरशात पाहावेत किंवा घरच्यांकडून पाहून घ्यावेत. गोळी घेऊन उपाशीपोटी चालू नये. खिशात साखर किंवा गूळ असावा, घाम फुटला, हात थरथरले की लगेच तोंडात टाकावा. सर्वांना सांगितले की लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून बरोबर ठेवा. चमचे लहान, चहाचे. अंतर दर आठवड्याला थोडे थोडे वाढवा, एकदम नको. नवे पायताण घालून लांब जाऊ नका. आणि शेवटी म्हणाले, "आबांना पंधरा किलोमीटरच्या वर एका दिवसात नेऊ नका. नेलेच तर दर तासाला पाय उघडून पाहा."

सणसर सतरा किलोमीटर होते आणि दुसरा टप्पा वीस. मी हिशेब केला की दोन-पाच किलोमीटरने काय होते!

चालणाऱ्यांच्या पायांबद्दल मी पूर्वी वाचले नव्हते असेही नाही, म्हणून माझा अपराध मोठा. कपाटातल्या एका पुस्तकात इंग्लंडमधल्या जॅरो गावच्या मोर्चाची हकीकत आहे. जहाजबांधणीचा कारखाना बंद पडून गाव बेकार झाले. ऑक्टोबर १९३६ मध्ये दोनशे माणसे लंडनला चालत निघाली. जवळजवळ तीनशे मैल, जवळपास महिनाभर. लक्षात घ्या, त्यांनी येईल त्याला घेतले नाही. बाराशेच्या आसपास लोक तयार होते, त्यांतून डॉक्टरी तपासणी करून दोनशे निवडले. बरोबर वैद्यकीचे विद्यार्थी होते, ते रोज पाय पाहत. आणि लेस्टर शहरात सहकारी संस्थेच्या चांभारांनी रात्रभर जागून, मजुरी न घेता, त्यांचे बूट दुरुस्त करून दिले. मला त्या सगळ्या मोर्चात ही रात्र फार आवडते. संसदेत त्यांच्या अर्जाला कोणी विचारले नाही. घरी परतल्यावर बेकारभत्ता कापला गेला, कारण या दिवसांत तुम्ही कामासाठी उपलब्ध नव्हता! मालक कुठलाही असो, पट एकाच पद्धतीने लिहितात.

आणि आपल्याकडे मार्च २०१८ चा किसान मोर्चा. नाशिकहून ६ तारखेला निघून १८० किलोमीटर चालत १२ तारखेला हजारो शेतकरी मुंबईत पोचले. शेवटच्या रात्री मी सोमय्या मैदानावर होतो. बायाबापड्यांच्या तळव्यांची कातडी अक्षरशः सुटलेली. सकाळी दहावीची परीक्षा होती, मुलांना रस्त्यात अडचण होऊ नये म्हणून ती माणसे विश्रांती न घेता रात्रीच उठून आझाद मैदानाकडे चालू लागली. शहरातले लोक पाणी, बिस्किटे, चपला घेऊन रस्त्यावर उभे होते. हे सर्व मी डोळ्यांनी पाहिले आहे. तरी आबांच्या पायांच्या वेळी मला ते आठवले नाही, आठवला तो व्यापारी आणि त्याची काटेवाडी.

ठरल्या दिवशी पहाटे कऱ्हेच्या काठी नारळ फोडून निघालो. पिंपळी, लिमटेक, काटेवाडी. काटेवाडीच्या वेशीवर तात्यांनी त्या व्यापाऱ्याला फोन लावला आणि नुसतेच विचारले, "शेठ, जेवलात का?" पालखीच्या दिवसांत याच गावी मेंढ्यांचे रिंगण होते, त्या दिवशी मेंढ्या शेतात होत्या आणि आमचेच रिंगण चहाच्या टपरीभोवती झाले. रस्ता चौपदरी करण्याचे काम निघालेले, कैक ठिकाणी जुनी झाडे गेलेली. पूर्वी या वाटेला सावली होती. हंगामाचे दिवस, त्यामुळे उसाचे ट्रॅक्टर एकामागे एक, दोन दोन ट्रेलर जोडून. ट्रॅक्टरवरची ऊसतोडीची पोरे आम्हाला विचारीत, "कुठली दिंडी?" अण्णा म्हणत, "अनफिटांची." तो शब्द अण्णांनी पहिल्यांदा मोठ्याने उच्चारला आणि कोणालाही भीती वाटली नाही. त्या दिवशी सणसरला आम्ही सूर्य असताना पोचलो. जेवण एका जुन्या सभासदाच्या घरी, पिठले-भाकरी. रात्री मी पाय पाहण्याचा विषय काढला, आबा म्हणाले, "काही नाही, मस्त आहे." मी दिव्याखाली पाहिले नाही. दमलो होतो, हे खरे. पण त्यांचा पाय खराब निघाला तर उद्याचे काय, हा विचारही मनात होता, आणि तोही खरा.

दुसऱ्या दिवशी बेलवाडी ओलांडून अंथुर्ण्याच्या पुढे गेलो. आबा सर्वांच्या पुढे! बापू लंगडत, तात्या दर मैलाला कमरेवर हात ठेवून उभे, अण्णांची छाती वाजते आहे, आणि साठीचे आबा सरळ चालले आहेत. मी बाकीच्यांना म्हणालो, "बघा, शिका जरा." निमगाव केतकीला देवळाच्या ओट्यावर बसून आबांनी पायातले कॅनव्हासचे बूट काढले. नवे होते. मुलाने खास या यात्रेसाठी पुण्याहून आणलेले. मुलाचे मन मोडू नये म्हणून त्यांनी जुनी चप्पल पिशवीत ठेवली होती. डाव्या पायाचा मोजा करंगळीपाशी काळपट ओला झालेला. मोजा सोलला तेव्हा त्याच्याबरोबर कातडीही आली. आबा आमच्याकडे पाहत होते, कारण त्यांना काहीच कळत नव्हते. सर्वांत चांगला चालणारा माणूस तो नव्हता. सर्वांत कमी दुखणारा होता.

त्याच रात्री त्यांना जीपने बारामतीला पाठवले.

सकाळी आम्ही चौघे ओट्यावर बसलो. जावे की परतावे? आम्ही गप्प असताना एस. टी.तून तो मुलगा उतरला, ज्याच्यासाठी हे सारे चालले होते. आबांचे त्याला रात्रीच कळले होते. उजवी बाही कोपरापर्यंत दुमडून पिन लावलेली. म्हणाला, "आबांच्या जागी मी येतो." तेरा किलोमीटर तो आमच्याबरोबर चालला. वाटेत फार बोलला नाही. एकदा फक्त म्हणाला, की हात गेल्यापासून एवढा लांब कुठे गेलोच नव्हतो, लोक बघतात म्हणून. दुपारी इंदापूर आले. हार नाही, फटाके नाहीत. तालुक्यातल्या दोन-चार युनियनवाल्यांनी उसाचा रस पाजला. तात्यांनी मात्र रस घेण्यापूर्वी शेठजींना फोन केला.

आता भांडणाचे. हिशेबाला बसलो तेव्हा अण्णा म्हणाले, पाच जणांचे पन्नास धरून अडीचशे किलोमीटर लावा. शेवटच्या टप्प्यात पाच माणसे होतीच की. सरळ होते. अडीचशे गुणिले तीनशे बारा, अठ्ठ्याहत्तर हजार. बापूंनी मान हलवली. "आबांचे सदतीसच." मी म्हणालो, त्यांचे तेरा या पोराने भरले. तेव्हा तो मुलगा, इतका वेळ कोपऱ्यात बसलेला, म्हणाला, "माझे मोजू नका. माझ्यासाठी तुम्ही मागताय ते ठीक आहे. मीच चालून माझ्यासाठी मागायला लागलो तर ते वेगळं होतंय." थोडे थांबून म्हणाला, "आणि मी भरपाई मागतोय ना तिकडं? ती मागणं नाही, ती येणं आहे. दोन्ही मिसळू नका." तीस वर्षे मी दारसभांतून हा फरक ओरडून सांगत आलो आहे, इतका नीट मला कधी सांगता आलेला नाही.

२३७ किलोमीटर लावले. त्र्याहत्तर हजार नऊशे चव्वेचाळीस रुपये. शेठजींच्या वाट्याचे बारा हजार सत्त्याऐंशी झाले. त्यांनी तोंड वाकडे केले, पण दिले, आणि पावतीवर पूर्ण नाव घालायला सांगितले. त्या पैशांतून मुलाच्या घरचे काही महिने निघाले आणि कृत्रिम हाताच्या मापासाठी पुण्याला खेपा झाल्या. दावा अजून चालू आहे. पुढची तारीख पावसाळ्यात आहे.

आबांची जखम भरायला चार महिने लागले आणि करंगळी काढावी लागली. मी त्यांच्या घरी गेलो, माफी मागितली. त्यांच्या बहिणीने चहा दिला, एक शब्द बोलली नाही. आबाच म्हणाले, "तुझी वही आण. माझ्या नावापुढं लिही: सदतीस किलोमीटर, एक बोट. बरोबर हिशेब लिही." मी ते लिहिले आहे. वही कचेरीत आहे, कोणालाही पाहता येईल.

त्या वर्षी आषाढी एकादशी १७ जुलैला होती. पालखी बारामतीहून सणसरकडे निघाली त्या दिवशी आम्ही चौघे काही अंतर बरोबर चाललो, पावतीपुस्तक न घेता, आणि बापूंचा गुडघा सांभाळून. सणसरच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला जुने सभासद दरवर्षी वारकऱ्यांच्या पायांना तेल लावायला बसतात. शेजारी चर्मकार बांधव तुटलेल्या चपला शिवून देत असतात, पैसे न घेता. मला लेस्टरची ती रात्र आठवली. त्या तेलवाल्यांत एका स्टुलावर आबा बसले होते. पायात एम. सी. आर. चप्पल, हातात एक आरसा आणि बारीक नायलॉनचा दोरा. डॉक्टरांकडून मागून आणला होता. येईल त्या म्हाताऱ्याला आधी विचारायचे, "माउली, साखर आहे का?" आणि आहे म्हटले की पाय मांडीवर घेऊन म्हणायचे, "डोळे मिटा. लागलं की सांगा."

मी रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला तेव्हा त्यांनी वर पाहिले आणि म्हणाले, "तुला साखर नाही, पण बस. दोन्ही पाय काढ बाहेर."